खालच्या कप्प्यातलं बी

मी, खाली सही करणारी, औषधी रोपांच्या वाटिकेची मालकीण, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्या दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. थोरल्या जाऊबाईंना तो पटलेला नाही. त्याला माझा इलाज नाही.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा, वाटिका आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. घराचा दुसरा अर्धा जाऊबाईंचाच आहे. त्यांची खिडकीजवळची खुर्ची कुणी हलवू नये.

२. कुदळ, खुरपी आणि झाऱ्या शेजारच्या शिंप्याला. त्या वर्षानुवर्षं त्याच्याकडेच असतात, आता कागदोपत्रीही होतील.

३. फ्रिज. माणूस गेलं की घरचे आधी फ्रिज रिकामा करतात. तसं करू नये. खालच्या कप्प्यात, भोकं पाडलेल्या डब्यात, ओलसर वाळूत कुटकीचं, त्या कडू औषधी मुळीचं, बी आहे. थंडीत राहिल्याशिवाय ते धड रुजत नाही. मूळ झाडं यंदा गेली. बटण बंद केलंत तर माझी कुटकी संपली. मुलगी म्हणते, "आई, रोपं विकत मिळतात की." मिळतात, पण ती माझी नव्हेत.

४. तो डबा बियांसकट जाऊबाईंना. याच बाईंनी एकदा भाजीला जागा हवी म्हणून डबा वर बर्फाच्या कप्प्यात सारला होता. "थंडीच हवी ना तुझ्या बियांना? मग घे पोटभर." भिजलेलं बी गोठून मेलं आणि आमचा अबोला पुढच्या पेरणीपर्यंत टिकला. तेव्हापासून जाऊबाई त्या डब्याला कुणाचा हात लागू देत नाहीत, बोलणी मात्र मलाच बसतात. मला त्यांचा राग येतो आणि त्यांच्यावाचून करमत नाही. तोंडावर सांगणं जमायचं नाही, म्हणून इथे लिहिलं.

साक्षीला जाऊबाईच चष्मा लावून बसल्या होत्या. ज्याला काही मिळायचंय त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलसाहेब म्हणाले.

"हिच्याकडून मला काय मिळायचंय?"

वकीलसाहेबांनी चौथं कलम वाचून दाखवलं. जाऊबाईंनी चष्मा काढून पुसला, त्या उठल्या आणि फ्रिज उघडून त्यांनी डब्यात बोट घातलं.

"वाळू सुकत आलीय. लक्ष कुठे असतं गं तुझं?"

पाणी त्यांनीच शिंपडलं. मग मी सही केली.

साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. समोरचे घड्याळजी (सही)
ठिकाण: आमचं स्वयंपाकघर
तारीख: वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे ती