जिन्यातून ऐकलेली मॅच

तीर्थरूप मावशीस,

तुला साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा, कारण तो रुसला की तू कुणाच्याच पत्राला उत्तर देत नाहीस. ऑपरेशननंतर तू काठी सोडलीस असं ताई फोनवर म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी तीच काठी जावईबापूंवर उगारलीस असंही म्हणाली. त्यावरून तब्येत झपाट्याने सुधारते आहे असं मी समजतो. डोळ्यांत थेंब घालतेस ना? (सकाळ-संध्याकाळ, आणि मान वर करून. गालावर घातलेल्या थेंबांचा डोळ्यांना उपयोग नसतो.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे तब्येतीने. मनाचं विचारशील तर पुढची पानं वाच, पण आधी खाली बस आणि जवळचा चष्मा लाव. लांबचा लावून पत्र वाचतेस आणि मग माझं अक्षर वाईट म्हणतेस.

गेल्या शनिवारची आपली मॅच तू टीव्हीवर पाहिलीच असशील. चष्म्याच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला सांगतं की तीस वर्षांत अशी रग्बी झाली नाही. तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगावं तर दुसऱ्या ओळीवर थांबून, "तो शेवटचा ट्राय पाहिलात का हो तुम्ही?" असं विचारतात. मावशी, मी त्या मैदानावर होतो. तुझ्या खुर्चीचं तिकीट माझ्या खिशात होतं. आणि मी तो ट्राय पाहिला नाही. पहिला नाही, दुसरा नाही, आणि तिसरा तर नाहीच. आपल्या संघाने मिळवलेला एकही गुण मी या डोळ्यांनी पाहिला नाही. गावभर लोकांना नजर वाटत फिरणाऱ्या माणसावर ही वेळ आली, याला काय म्हणायचं ते तूच सांग.

स्टँडमधली आपली खुर्च्यांची रांग तूच बसवलीस, तेव्हा तिच्याबद्दल मी तुला काय सांगावं? पण तू ताईकडे राहायला गेल्यापासून दोन वर्षांत शिस्त फार कडक झाली आहे. सात नंबरच्या बसचे ड्रायव्हर आता रांगेचे पुढारी आहेत. समोरच्यांच्या हातात चेंडू गेला की ते टोपी उलटी करतात, आपल्याकडे आला की सुलटी. (ऐंशी मिनिटांत हे किती वेळा होतं याचा विचार कर. त्यांच्या कपाळावर वळ उठलाय.) हॉस्पिटलातल्या सिस्टर मध्यंतरापर्यंत थर्मासचं झाकण हातातून खाली ठेवत नाहीत. गणिताचे मास्तर आपली किक असली की उजवा पाय डाव्यावर टाकून पुतळ्यासारखे बसतात. माझी बायको मफलरचं टोक चावते, तेही नेहमी एकच टोक, आणि ते टोक आता मफलर म्हणावं असं राहिलेलं नाही. तू डोळे मिटून "गेला का? गेला का?" म्हणायचीस, ते तर अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. फक्त मला असं काही नेमून दिलेलं काम नव्हतं. मी आपला नुसता बघायचो. तिथेच घात झाला.

झालं असं, की नवव्या मिनिटाला त्यांनी चेंडू आपल्या रेषेपलीकडे टेकवून पाच गुणांचा ट्राय केला, वरच्या दोन गुणांची किकही खांबांमधून घातली, आणि आपण सात-शून्य मागे पडलो. त्याच सुमारास मला जरा जाऊन यावं लागलं. (साखर नाही, तपासून घेतली आहे. सकाळी चहा जास्त झाला होता, इतकंच.) मी आत असताना डोक्यावरचं छत हादरलं. धावत येऊन बघतो तर सात-सात, आणि रांगेतले सगळे एकमेकांच्या गळ्यात. मी बसलो. चार मिनिटांत त्यांना पेनल्टीची किक मिळाली, तीन गुण, दहा-सात. मग सिस्टरच्या हातातलं झाकण निसटलं आणि घरंगळत खाली गेलं. ते आणायला मी वाकत वाकत आठ पायऱ्या उतरलो, शेवटच्या खुर्चीखाली डोकं घातलं, आणि वर पुन्हा तोच गजर. आपला दुसरा ट्राय! वरची किक हुकली, पण बारा-दहा. मी झाकण उंच धरून वर आलो तर आख्खी रांग मैदानाकडे न बघता माझ्याकडे बघत होती. पेशंटचा रिपोर्ट वाचल्यावर डॉक्टर बघतात तसं.

मध्यंतरात सभा भरली. मी स्पष्टच सांगितलं की मी शास्त्राचा माणूस आहे. प्रकाश भिंगातून जातो तेव्हा काय होतं हे मला विचारा, पण माणूस खुर्चीतून उठला म्हणून पंधरा धटिंगणांच्या अंगात बळ येतं हे मी मान्य करणार नाही. मास्तर म्हणाले, "दोन वेळा घडलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. तिसरी वेळ बघू." मला वाटलं, निदान एक तरी माणूस माझ्या बाजूचा निघाला. ड्रायव्हर म्हणाले, "मत घेऊ." आणि मावशी, पहिला हात कुणाचा वर गेला? तुझ्या लाडक्या सुनेचा. एका हातात मफलरचं टोक आणि दुसरा हात सरळ वर. बावीस वर्षांचा संसार! मी म्हटलं ठीक आहे, पण शास्त्रीय प्रयोग म्हणून पहिली दहा मिनिटं मला बसू द्या. दिली त्यांनी परवानगी. तिसऱ्याच मिनिटाला समोरचा एक दांडगा आपल्या चौघांना अंगावर घेऊन रेषेपलीकडे पडला, वरची किकही गेली. बारा-सतरा. मला कुणी ऊठ म्हणालं नाही. मी आपणहून उठलो, डबा उचलला आणि निघालो. बायकोने जाता जाता माझी कॉलर नीट केली, तेवढंच.

आपल्या स्टँडच्या मागचा जिना तुला आठवत असेल. सिमेंटच्या पायऱ्या, कोपऱ्यात बादली आणि पोछा, आणि मैदानाकडे उघडणारं ते लोखंडी दार, जे एका बाजूने नीट बसत नाही. तिथे तिसऱ्या पायरीवर आधीच एक गृहस्थ बसले होते. अंगात पलीकडच्या संघाची जर्सी, आणि तिला काय कडक इस्त्री! (लाँड्रीवाले निघाले.) त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुम्हालाही?"

मी म्हटलं, "हो. तुम्हाला कोणी काढलं?"

"सासूबाईंनी," ते म्हणाले आणि सरकून जागा दिली.

त्यानंतरची पस्तीस मिनिटं आम्ही दोघांनी कानांनी मॅच पाहिली. सवयीने जमतं ते. स्क्रममध्ये खेळाडू डोकी खाली घालून एकमेकांना रेटायला लागले की दोन्हीकडचे लोक एकदम कण्हतात, कुणीतरी जड कपाट सरकवत असल्यासारखे. चेंडू हातातून सुटला की आधी "अरे!" येतं आणि मग शिव्या. (ड्रायव्हरांचा आवाज मी हजारात ओळखतो. शिव्याही ओळखतो, पण त्या पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत.) पंधरा-सतरा आम्हाला आपल्या टाळ्यांवरून कळलं, पंधरा-वीस त्यांच्या सासूबाईंच्या आवाजावरून. प्रत्येक वेळी ज्याचे गुण झाले तो उगाच इकडेतिकडे बघायचा आणि दुसऱ्यापुढे बिस्किटाचा पुडा धरायचा. मग अगदी शेवटी, वेळ संपतच आली होती, तेव्हा पाय आपटण्याचा आवाज सुरू झाला, वाढत वाढत गेला, भिंतीचं प्लास्टर माझ्या डोक्यावर पडलं, आणि वर अशी गर्जना झाली की बादली आपोआप हलली. आपला तिसरा ट्राय! पार कोपऱ्यात. वीस-वीस. आता राहिली ती फक्त एक किक, कडेच्या रेषेवरून, अगदी अवघड. गेली तर आपण जिंकलो.

मग शांतता पसरली. आणि मग "टण्ण" असा आवाज आला, तो खांबाचा. चेंडू खांबाला लागून बाहेर आला आणि मॅच बरोबरीत सुटली. कुणीच हरलं नाही, तरी दोन्हीकडचे लोक घरी चालले होते ते घर जळाल्यासारखे.

मी रांगेत परत गेलो तर चौकशी चालू झालेली. किकच्या वेळी कोण हललं? ड्रायव्हर एकेकाला विचारत होते. आणि मग मास्तर स्वतःच उभे राहिले. फळ्यावर आपलंच गणित चुकलेलं दिसावं तसा चेहरा. म्हणाले, "मी. पायात गोळा आला होता. उजवा पाय खाली घेतला." मावशी, त्या माणसाने चाळीस वर्षांत कधी कुणाची वही ढापली नाही की मार्क वाढवले नाहीत, तो खोटं कशाला बोलेल? निकाल लगेच लागला. येत्या शनिवारी शेवटची, निर्णयाची मॅच आहे. ती मास्तरांनी जिन्यात उभं राहून काढायची. आणि माझा दोष नव्हता हे आता सिद्ध झालं म्हणून मी सन्मानाने तुझ्या खुर्चीवर. बायकोने सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. मास्तरांनी एवढंच विचारलं, "तिथे बसायला काही आहे का?" मी म्हटलं, "तिसरी पायरी कोरडी असते."

आता मला सांग, शिकलेसवरलेले लोक हे! एक जण रोज तीनशे माणसांना सुखरूप घरी पोचवतो, एक रोज रक्तदाब मोजते, आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या पायातल्या गोळ्यामुळे साठ पावलांवरचा चेंडू वाकडा गेला असं मानतात. हसावं की रडावं कळत नाही. मी तर ठरवलंय, शनिवारी ताठ मानेने बसायचं आणि उघड्या डोळ्यांनी मॅच बघायची. ताईला आशीर्वाद सांग, नाही, ती मोठी आहे, नमस्कार सांग. लिहिताना मन ठिकाणावर नव्हतं.

तुझा,
ढापण्या

ता. क. तुझी ती हिरवी उशी, जी घेऊन तू मॅचला यायचीस, ती जावईबापूंबरोबर पाठव. ते शुक्रवारी इकडे येणार आहेत असं ऐकतो. माझ्यासाठी नको आहे. सिमेंटची पायरी फार गार लागते, आणि मास्तरांचे गुडघे तुझ्याचसारखे आहेत.

ता. क. दुसरा. वर लिहिलेल्यात एक गोष्ट राहून गेली. किकच्या वेळी शांतता झाली असं मी लिहिलं आहे. मावशी, जो माणूस पस्तीस मिनिटं आवाजावर जगला, त्याच्यापुढे एकदम अठरा हजार लोक गप्प झाले तर तो काय करेल? दारात फट आहे. मी लाँड्रीवाल्यांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. ते म्हणाले, "दोघंही एकदम बघू. फिटंफाट होईल." मी एकच डोळा लावला, तोही डावा, जास्त नंबरचा, आणि चष्मा काढून. मला एक पांढरा पुंजका दिसला आणि एक उभी रेघ. पुंजका रेघेवर आपटला. फिटंफाट झाली ना? अगदी वीस-वीस! लाँड्रीवाले पांढरेफटक पडले, मीही पडलो असेन. एकमेकांचा निरोप न घेता आम्ही दोन वेगवेगळ्या दारांनी निघून गेलो. हे अजून कुणाला माहीत नाही. सुनेला तर मुळीच नाही.

ता. क. तिसरा. म्हणून हे पत्र. मास्तर काल दुकानात आले होते, जिन्यात उजेड कमी असतो का विचारायला. म्हणाले, वाचायला पुस्तक नेईन म्हणतो. मला त्यांच्या डोळ्यात बघता येईना, आणि मावशी, डोळ्यात बघणं हाच माझा धंदा आहे. तू ड्रायव्हरांना चार ओळी लिही. लिही की त्या किकच्या वेळी तू तिकडे टीव्ही बंद केलास. रागाने, घाबरून, जावयाच्या हातून, काहीही लिही. तुझा शब्द रांगेत कुणी खाली पडू देत नाही, आणि तू इतकी लांब आहेस की तुला जिन्यात पाठवायची कुणाची हिंमत नाही. मास्तर सुटतील. मी सुटेन. चिठ्ठी उशीच्या अभ्र्यात घालून दे.

ता. क. शेवटचा. मावशी, एक विचारतो, रागावू नकोस. तू खरंच तर टीव्ही बंद केला नव्हतास ना? केला असशील तर मला आधी फोन कर. दिवस असो, रात्र असो. शनिवारपासून मी झोपलेलो नाही.