वाकारु म्हणण्याआधी

मास्तर, आपली वही आज पुन्हा उघडली. पहिल्या पानावर आपल्या अक्षरात दोन जपानी क्रियापदे आहेत: शिरु म्हणजे माहीत असणे, वाकारु म्हणजे समजणे. शेजारी दुधाचा वाळलेला डाग आहे. ही वही आपण मला ज्या कारणासाठी दिलीत, त्याविषयी एक गोष्ट सांगायची राहून गेली.

घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत आपण स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी पाट मांडून शिकवत असा. युद्धापूर्वी कोबे बंदरात कापसाच्या पेढीवर नोकरी केलेले आपण, आणि मुलुंडच्या कारखान्यात दुभाष्याची जागा मिळावी म्हणून धडपडणारा मी. या दोन क्रियापदांतला भेद मी घडाघडा सांगितला. आपण मला स्टोव्हपुढे बसवलेत. "दूध कधी उतरवायचे, माहीत आहे?" "आहे." मी वहीत डोके घालून बसलो आणि दूध भसकन उतू गेले. "हे झाले शिरु," आपण म्हणालात, "वाकारु अजून व्हायचे आहे." काकू कडाडल्या, "अहो, तुमचं क्रियापद झालं, माझं दूध गेलं! आता दोघंही कोरा चहा प्या." मला अपमान वाटला, उत्तर तर मी अचूक दिले होते.

पुढे मुलुंडला नोकरी लागली. पत्रा दाबून कापणाऱ्या नव्या प्रेसपाशी जपानहून आलेला तंत्रज्ञ बोलत होता आणि पाहुण्यापुढे आपल्याकडे सगळेच हलवतात तशी मी मान हलवत होतो. शब्द सगळे ओळखीचे होते. यंत्र नेमके केव्हा थांबते, हे मात्र डोळ्यांपुढे येत नव्हते. त्याने विचारले, समजले का? मी म्हणालो, "वाकारिमाशिता." समजले. मालक खूश झाले. मग मी फिटरना सांगितले, बटण बंद केले की हात घालायला हरकत नाही.

फिटर मालवणकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. बाही वर सारता सारता ते थांबले. "नक्की समाजला ना रे तुका? हात माझो जातलो, तुझो नाय."

मला आपला स्टोव्ह आठवला. नोकरी गेली असे धरूनच मी, मालकांदेखत, तंत्रज्ञाकडे वळलो. "वाकारिमासेन." समजले नाही. तो रागावला नाही. त्याने प्रेस चालवून बटण बंद केले आणि लगेच एक लाकडी पट्टी आत सरकवली. जड चाक अजून फिरत होते. पट्टीचे दोन तुकडे झाले. चाक पूर्ण थांबेपर्यंत कोणी हात पुढे केला नाही. "आता माका पण समाजला," फिटर म्हणाले.

नोकरी टिकली. त्या रविवारी मी आपल्याला सांगितले की, शंका आल्यामुळे मी स्वतःहून थांबलो. आपण उठून ही वही माझ्या हातात ठेवलीत.

मी स्वतःहून थांबलो नव्हतो, मास्तर. मला त्या फिटरनी थांबवले. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी ते पेढ्यांचा पुडा सोडत असताना मी त्यांची दहाही बोटे पाहत राहिलो आणि अनेक वर्षांनी मोकळा श्वास घेतला. आज हे लिहून उरलेलाही घेतला. आपण गेल्यावर हे पत्र पाठवायचे कुठे? त्या डागापाशीच ठेवतो. जन्मभर इतरांची वाक्ये समजावून सांगितली. पण हे लिहिण्याच्या नादात आज सकाळी पुन्हा दूध उतू गेले.