लिंबोणीचं पांढरं कापड

जेनोव्हा,
सोमवार, १४ जानेवारी १९८५

चि. ओरेस्ते,
अ. उ. आ.

बुधवार, ९ जानेवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. शेजारच्या झिताने खिडकी उघडली तेव्हा पारा उणे चौदावर होता आणि आईची लिंबोणी अंगणात बर्फात उभी होती, पांढऱ्या कापडाशिवाय. झिता लिहिते, झाडाच्या अंगावर काहीतरी तपकिरी लटकत होतं, बहुधा पोतं. आईच्या लिंबोणीला पोतं.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ३ डिसेंबरला निघताना मी तुला दारात दोनदा सांगितलं होतं की आठ तारखेला, मरियामातेच्या सणाला, सिस्टरला कपडे चढव. आईने लिंबोणीला हे नाव ठेवलं ते उगाच नाही. पांढरं कापड गुंडाळलं की अंगणात एखादी नन प्रार्थनेला उभी आहे असं वाटायचं. आईच्या लग्नात आलेलं झाड, सत्तर वर्षांचं. कुंडी चार माणसांशिवाय हलत नाही हे मान्य. पण कापड गुंडाळायला एक माणूस पुरतो, तुझ्याइतका आळशी असला तरी.

मी पस्तीस वर्षं मुलांना लॅटिन शिकवलं. बहाणे मला सगळ्या विभक्तींत पाठ आहेत. तेव्हा कारण एका ओळीत लिही आणि झाडाची अवस्था सविस्तर. फोन करू नकोस, फोनवर तू नुसता हो हो म्हणतोस.

लोभ आहेच. तो वाढवायचा की कसं, हे तुझ्या उत्तरावर.

एर्सिलिया


लुक्का,
शुक्रवार, १८ जानेवारी

ती. एर्सिलियाताईस,
सा. न. वि. वि.

एका ओळीत कारण: मेर्ला पक्षिणीचे तीन दिवस. वर्षातली खरी थंडी २९ ते ३१ जानेवारीला, हे लहानपणी तूच माझ्याकडून घोकून घेतलंस. डिसेंबरभर मी अंगणात नुसत्या शर्टावर बसत होतो. वाटलं, वेळ आहे.

पानं काळी पडली आहेत, उकडलेल्या पालेभाजीसारखी लोंबतात. कुंडीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आहे. आतली माती गोठून दगड झाली म्हणून ती अजून उभी आहे. माळी वास्कोने तीन फांद्या खरवडून पाहिल्या, तिन्ही आतून तपकिरी. म्हणाला, ही गेली, आता मास्तरीणबाईंना कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. सोमवारी, २८ला, तो करवत घेऊन येतो आहे. तुझ्यासाठी नवी लिंबोणी आणू, लहानशी, चाकं लावलेल्या कुंडीत.

ते पोतं नव्हतं, एवढं झिताला कळव.

गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर ठेवलंय त्या विश्रांतिगृहातल्या नन्स तुला घाबरतात की तू त्यांना?

रागावलीस तरी लिहीत राहा, एवढीच विनंती.

तुझा,
ओरेस्ते


जेनोव्हा,
मंगळवार, २२ जानेवारी

चि. ओरेस्ते,
अ. उ. आ.

करवत अंगणात आली तर मी पहिल्या गाडीने कुबडीसकट येईन, आणि कुबडी काही फक्त चालायलाच उपयोगी पडते असं नाही. नवी आणू म्हणे. ती काय चप्पल आहे?

वास्कोने वर खरवडलं. थंडीत बारीक फांद्या सर्वांत आधी जातात, हे त्याच्या बापाला ठाऊक होतं. खोडावर मातीपासून वीतभर उंच कलमाची गाठ आहे ना, ती शोध. गाठीच्या खाली कडू नारिंग आहे, वर आईची लिंबोणी. जीव फक्त गाठीखाली उरला असेल तर फुटेल ते नारिंगच, आणि मग मी स्वतः वास्कोला करवत देईन. म्हणून गाठीच्या वर चार बोटं खरवड, अगदी हलक्या हाताने. हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे, आणि मे महिन्यापर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. पाणी थेंबभरही नको. कुंडी दोरीने आवळून बांध, नाहीतर बर्फ वितळला की ती उकलेल.

सोमवारच्या आत हे झालं पाहिजे. रंग स्पष्ट लिही. हिरवटसर, तपकिरीसर असली उत्तरं मी वर्गात कधी चालवून घेतली नाहीत.

आणि पोतं नव्हतं तर काय होतं?

लोभ तूर्त आहे तेवढाच.

एर्सिलिया


लुक्का,
शनिवार, २६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर झिताचं आहे. माझा चष्मा फुटला, बाकी काही नाही.

काल दुपारी तू सांगितलंस तिथे, गाठीच्या वर चार बोटं, चाकूच्या टोकाने खरवडलं. आधी तपकिरी साल निघाली. मग आणखी तपकिरी. मी थांबणार होतो, पण झिता म्हणाली, केसभर अजून. मग एक रेघ दिसली, सोललेल्या काकडीइतकी फिकी, पण हिरवी. झिता हे शपथेवर लिहिते आहे. वास्कोला येऊ नकोस म्हणून निरोप दिला, तर म्हणाला, मास्तरीणबाईंचं पत्र आलं वाटतं.

मंगळवारपासून पुन्हा गोठेल म्हणतात. तेवढी रेघ टिकली पाहिजे. मी बघतो.

माया असू दे.

ओरेस्ते

ता. क. एर्सिलियाबाई, हे माझं, झिताचं. चष्मा धड आहे. ओरेस्तेंना आठ दिवस ताप आहे, मजकूर सांगताना दर ओळीला खोकतात. आणि मी पोतं लिहिलं त्याची लाज वाटते. तो यांचा ओव्हरकोट आहे, नऊ तारखेच्या पहाटेपासून झाडावरच आहे. मी काढायला गेले तर म्हणाले, पेटी उघडेपर्यंत राहू दे.


जेनोव्हा,
मंगळवार, २९ जानेवारी, मेर्लाचा पहिला दिवस

चि. ओरेस्ते,
अ. उ. आ.

पत्र आत्ताच मिळालं. हिरव्या रेघेपाशी मी चष्मा पुसला. मग झिताच्या ता. क.मध्ये 'पेटी' या शब्दावर अडले, आणि पर्स पलंगावर उपडी केली. जपमाळेच्या डबीत आईच्या पेटीची किल्ली निघाली.

म्हणजे आठ डिसेंबरला तू पेटीतलं कापड काढायला गेलास आणि कुलूप पाहून परत फिरलास. दहा तारखेला माझं ऑपरेशन, म्हणून विचारलं नाहीस. नंतर मी इतकं फैलावर घेतलं तरी बोलला नाहीस, सगळं त्या बिचाऱ्या पक्षिणीवर ढकललंस. कुलूप फोडायचं होतंस. आईची पेटी म्हणून फोडलं नाहीस हे मला कळतं. पण चौसष्टाव्या वर्षी उणे चौदात स्वतःचा कोट झाडाला घालणारा माणूस मला कळत नाही.

शाळेतल्या सिस्टर अग्नेसेंनी मला यासाठी गुडघ्यांवर बसवलं असतं. गुडघा सध्या वाकत नाही, म्हणून लिहून देते: चूक माझी होती.

किल्ली याच पाकिटात आहे. पेटी झिताने उघडावी. कापड दुहेरी करून गाठीखालपासून वर गुंडाळावं, कुंडीभोवती पेंढा भरावा. कोट चुलीशी सुकवून ज्याचा त्याला घालावा. तू अंथरुणातून उठायचं नाहीस आणि आजच्या आज डॉक्टर बोलवायचा.

लोभ वाढवला आहे. शनिवारी, २ फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाच्या दुपारी बाराच्या आत तुझं लेखी उत्तर पोस्टात पडलं पाहिजे: रेघेचा रंग आणि तापाचा आकडा. अक्षर तुझं हवं, वाकडं चालेल. झिताचं दिसलं, तर मी निघाले असं समज.

एर्सिलिया