सत्यभामाबाईच्या पातळांची गोधडी व इतर मालमत्ता

दिनांक ९ डिसेंबर २०२४, सोमवार. सकाळी नळ आले. शेतात तुरीला फेरी मारून आलो. जेवण झाल्यावर लिहायला बसलो.

मी नारायणराव सखाराम म्हसाळ, वय ७१, निवृत्त लाईनमन, राहणार वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण कलम ४ वाचून तो मागितला जाईल.

१. पत्नी सत्यभामाबाई श्रावणात वारली. अहेव मरण आले म्हणून गावातल्या बायांनी तिच्या पाया पडायला रांग लावली. तेराव्याला तिची सोन्याची एकदाणी व पाटल्या सून वंदना हिने नेल्या. माझी तक्रार नाही. मला कोणी विचारलेही नव्हते.

२. पक्कड, टेस्टर व रबरी हातमोजे मुलगा राजकुमार याला. तो खामगावला राहतो व साधा फ्यूज गेला तरी मला व्हिडिओ कॉल करतो. लोखंडी शिडी २०१६ पासून शेजारी किसनराव यांच्याकडे आहे. ती त्यांनाच द्यावी असा विचार होता. परंतु ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले, आणि दुसरा साक्षीदार मिळत नाही. सबब शिडी परत करावी.

३. गोधडीबाबत. सूनबाईला दिवस गेल्याचे कळले तेव्हा सत्यभामाबाईने आपली दोन जुनी सुती पातळे काढली. "लेकराले नवं कापड टोचते," असे ती म्हणे. कडेच्या ओळी झाल्या आणि ती गेली. आतल्या ओळी मी घातल्या. चौतीस वर्षे खांबावर चढलो, पण सुईत दोरा ओवायला पहिल्या दिवशी तास लागला. शेजारच्या कलाबाई पाहून म्हणाल्या, "भाऊजी, हे टाके व्हय का तुरीचे तास? याच्यातून तं बैलाचा डवरा जाईन!" मग त्यांनीच चार ओळी उसवून पुन्हा दाखवल्या.

नात शर्वरी हिच्या बारशाला गोधडी घेऊन गेलो. सूनबाई म्हणाली, "मामाजी, राग नका मानू. पण गेलेल्या माणसाचं कापड लेकराखाली नाई टाकत." तेव्हा तिच्या गळ्यात एकदाणी होती. राजकुमार म्हणाला, "बाबा, काऊन त्रास घेता? ऑनलाइन ब्लँकेट आलं ना." ब्लँकेटवर अस्वल आहे. झटकले की ठिणग्या उडतात. विजेच्या बाबतीत माझे मत कोणी घेतले नाही. गोधडी परत आणली. तिथे बोललो नाही, ते इथे लिहितो.

४. गेलेल्या माणसाच्या वस्तूला दोष असेल, तर माझे घर, दोन एकर शेत व बँकेतील ठेव यांनाही माझ्यामागे तोच लागेल. मुलाबाळांना तो बाधू नये. म्हणून राजकुमार व वंदना यांनी आधी लिहून द्यावे की, गेलेल्या माणसाची वस्तू वापरण्यास आमची हरकत नाही. मग घर, शेत, ठेव व गोधडी एकत्र घ्यावी. एक नाकारल्यास सर्व नाकारले असे समजून सर्व गावच्या अंगणवाडीला द्यावे. तिथली लेकरे दुपारी झोपताना अंथरूण कोणाचे होते ते विचारत नाहीत.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. तोवर शर्वरी गोधडीत मावणार नाही. म्हणून सह्या झाल्यावर याचा फोटो राजकुमारला आजच पाठवीन.

समक्ष वाचून सह्या केल्या:
१) किसनराव बोदडे (शिडी उद्या आणतो म्हणाले)
२) कलाबाई खोंड

लिहून देणार: नारायणराव सखाराम म्हसाळ
मुक्काम वरवट बकाल, ९ डिसेंबर २०२४

यापुढील मजकूर मृत्युपत्राचा भाग समजू नये.

पाच वाजता सूनबाईचा फोन आला. "मामाजी, असं कागदावर लिहितेत का? घरात बोलावं ना माणसानं." मग म्हणाली, "रविवारी येतो आम्ही. गोधडी धुतली हाय ना?" शेताचा विषय तिने काढला नाही. तो राजकुमारने मागून काढला.

मी हो म्हणालो. गोधडी धुतलेली नव्हती. पातळे काढली तशीच शिवली होती.

साक्षीदार केव्हाच गेले होते. गोधडीवर हात फिरवून घडीला लावलेल्या टाचण्या काढल्या. सहा लावल्या होत्या, सहा निघाल्या. बादली भरली, साबण किसून टाकला. थोडा वेळ गोधडी मांडीवर घेऊन बसलो. मग पाण्यात घातली.