वकिलातीतला पाहण्याचा कार्यक्रम

अमरावती
दि. २० मे २०२४

चि. आकांक्षा हीस मनकर्णा आत्याचे अ. उ. आ.

अमेरिकेचा व्हिसा नाकारल्याचं किशोरने फोनवर सांगितलं. माझा भाऊ असला तरी खरं बोलते, तुझा बाप आवाजावरून काही फार दुःखी वाटला नाही. तू बोलायला आलीस तेव्हा त्याने स्पीकर लावून ठेवला होता, म्हणून हे पत्र. पाकीट फोडून वाचण्याइतका तो अजून बिघडलेला नाही.

त्याचं म्हणणं आधी सांगते. अजून एकदा जाऊ दे म्हणे पोरीले, पण आताही नाही म्हटलं तं अमेरिकेचं नाव घ्याचं नाही आणि दिवाळीआधी स्वप्निलशी साक्षगंध. स्थळ मीच आणलंय, ते नाकारत नाही. त्याची आई भावनाबाई मला रोज मंदिरात गाठते आणि पोरीचं काय ठरलं म्हणून विचारते. मी दर वेळी माझ्या गुडघ्याचा विषय काढते. बिचारीला आता माझा गुडघा पाठ झाला आहे.

तिथे आत नेमकं काय झालं ते लिही. व्हिसाच्या क्लासवाल्यांनी शिकवलेलं नको, घडलेलं लिही. तुझ्या आईला, चंदाला सांग, लोणचं पोचलं, मीठ थोडं कमी आहे. माझ्या बोलण्याचा राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
मनकर्णा आत्या


अकोला
दि. २५ मे २०२४

ती. मनकर्णा आत्यास आकांक्षाचा शि. सा. न. वि. वि.

मुलाकडचं आणि मुलीकडचं, दोन्ही वकीलपत्रं घेणारी तू पहिलीच असशील. आईने लोणच्याबद्दल ऐकलं आणि पुढच्या वर्षी स्वतः घालून घे असा निरोप दिला आहे.

आत फार वेळ लागलाच नाही. काचेपलीकडे एक तरुण साहेब होता. कशाला जातेस, असं त्याने विचारलं. क्लासच्या सरांनी पाठ करून घेतलेलं मी एका दमात म्हणून टाकलं, की तुमचा देश महान, तुमचं विद्यापीठ महान, माझं लहानपणापासूनचं स्वप्न. मग शेती आहे, आईबाबा आहेत, मी नक्की परत येईन, असं तीनदा सांगितलं. परत येण्याबद्दल त्याने विचारलंही नव्हतं. मी फाइल काचेला टेकवली, तर तो तिच्याकडे बघेना. पासपोर्ट परत दिला आणि वर एक छापील कागद. त्याचा अर्थ एवढाच की ही पोरगी परत येईल असं आम्हाला वाटत नाही.

आत्या, मला जायचंय गं. मोर्शीच्या मामांच्या बागेत संत्र्याची गळ लागली तेव्हा मी कृषी विद्यापीठात शिकलेलं सगळं औषधपाणी त्यांना सांगितलं, आणि फळं पडतच राहिली. तरी मामांनी आग्रह करून जेवायला वाढलं. त्या जेवणाची मला अजून लाज वाटते. या रोगांवर तिथे जे काम चालतं ते मला शिकायचं आहे. बाबांना वाटतं मला विमानाचं वेड लागलंय. जूनच्या शेवटची तारीख मिळाली आहे.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
आकांक्षा


अमरावती
दि. ३० मे २०२४

चि. आकांक्षा हीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. अगं, याला मुलाखत म्हणत नाहीत. हा सरळसरळ पाहण्याचा कार्यक्रम आहे, आणि त्यात माझा हात धरणारं अख्ख्या जिल्ह्यात कुणी नाही.

आमच्या शेजारच्या नत्थुजींची करिश्मा आठवते ना? तिची आई पाहुणे टेकले की सुरू व्हायची, पोरगी स्वयंपाक करते, शिवण करते, कुठेही रमते. पाहुणे चहा पिऊन जे जायचे ते जायचेच. शेवटी एकदा मी तिच्या आईला स्वयंपाकघरात कोंडलं. करिश्मा नोकरीवरून दमून आली, आधी जेवली, मग बाहेर येऊन बसली आणि विचारलं तेवढंच बोलली. मुलाचा बाप जाताना म्हणे, पोरगी कोनाच्या बापाले भेत नाई, पक्कं करा.

तू तिच्या आईसारखी वागलीस. इतकं गळ्यात पडल्यावर समोरच्याला संशय येणारच. आपल्याला घाई आहे हे दिसू द्यायचं नाही, आणि बोलून झालं की गप्प बसायचं, कितीही जड गेलं तरी. मोर्शीची गळ मला इतकी छान लिहिलीस, ती त्या साहेबाला काहून नाही सांगितली? रोज रात्री चंदाला खुर्चीवर बसवून सराव कर.

आणि दोन वकीलपत्रांचं म्हणशील, तर स्वप्निल गुणी मुलगा आहे. पण व्हिसा मिळाला नाही म्हणून त्याच्या गळ्यात माळ घातलीस, तर दर दिवाळीला माझ्याकडे बघून सुस्कारा सोडशील. तो मला ऐकवणार नाही.

जिंकून ये, हरलीस तरी इकडेच ये.

मनकर्णा आत्या


अकोला
दि. २ जुलै २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पासपोर्ट ठेवून घेतला. बाबांना बाहेर हे सांगितलं तर त्यांना वाटलं जप्त झाला, आणि ते गेटवरच्या शिपायाशी भांडायला निघाले. ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला, हे समजावता समजावता मलाच रडू आलं.

आईबरोबरचा सराव काही खरा नव्हता. साहेबाच्या खुर्चीत बसून ती पहिला प्रश्न विचारायची, तिथे दही मिळतं का. खऱ्या खुर्चीत या वेळी एक बाई होत्या. कशाला जातेस म्हटल्यावर मी मोर्शीची बाग सांगितली, मामांनी वाढलेलं जेवणही सांगितलं. शिकून काय करणार म्हणाल्या. पुन्हा त्याच बागेत जाईन, या वेळी उत्तर घेऊन, असं म्हटलं आणि गप्प बसले. ‘नक्की परत येईन’ ओठापर्यंत आलं होतं, ते गिळलं. मग त्यांनी विचारलं, व्हिसा नाही दिला तर? मी म्हटलं, अमरावतीचं एक स्थळ तयार आहे, मुलगा चांगला आहे. बाई खळखळून हसल्या. हे तू शिकवलं नव्हतंस, एवढं श्रेय माझं.

तुझी शिष्या,
आकांक्षा


अमरावती
दि. ७ जुलै २०२४

चि. आकांक्षा हीस अ. उ. आ.

मी गल्लीत पेढे वाटले. भावनाबाईलाही दिला. तिने पेढा खाल्ला, हात पुसला आणि करिश्माला धाकटी बहीण आहे का विचारलं. माणसं किती लवकर सावरतात बघ.

एक मात्र मनातून जात नाही. मन झाकायला तुला मीच शिकवलं. आता त्या बाईंपुढे तू बोललीस ते मनातलं होतं की शिकवलेलं, हे मलाच ओळखू येत नाही. मला मूल नाही, तुला मी अंगाखांद्यावर खेळवलं आहे, म्हणून विचारते. त्यांना पटलं ते पुरे झालं. मला पटवू नकोस, खरं काय ते लिही. येशील ना गं?

मनकर्णा आत्या


अकोला
दि. ११ जुलै २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

त्यांच्यासमोर बोलले तेव्हा शब्दन् शब्द खरा होता. काल बॅग भरायला काढली आणि तेव्हापासून खात्री राहिली नाही. दोन वर्षांनी मी कशी झालेली असेन, मला ठाऊक नाही. यायची इच्छा आहे, आज माझ्याजवळ एवढंच आहे. आईबाबांना मी हसून नक्की येईन म्हणते. तुला तसं लिहायला हात धजत नाही.

तू विमानतळापर्यंत ये. आईबाबांसमोर मला हसत आत जायचंय, आणि ते एकटीला जमणार नाही. आत जाताना मी मागे वळले, तर मला हाक मारू नकोस.

समुद्रापलीकडे पोचेल इतका लोभ असावा, ही विनंती.

तुझी,
आकांक्षा