थंड भिंतीजवळची दुसरी प्रत

बाबा, काल ऑफिसात कुणी नाही असं पाहून मी सर्व्हरच्या लोखंडी कपाटावर बोटाच्या पेराने टकटक केली. त्याने आतलं काही कळत नाही हे मला ठाऊक आहे, तरी केली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमची खोड मात्र माझ्या हातात राहिली. मी काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. कचेरीच्या रेकॉर्ड खोलीत तुम्ही जे सांभाळायचात तेच मी यंत्रात सांभाळते, गावोगावच्या शेतांच्या नोंदी. एका तक्त्यात शेत, दुसऱ्यात माणूस आणि दोघांना बांधणारा एक नंबर. तुम्ही म्हणायचात, "नंबर तुटला का मानूस एकीकडं अन् वावर एकीकडं." आमच्याकडे आजही तेच, फक्त धूळ नसते.

तुमच्या खोलीची मागची भिंत ऐन उन्हाळ्यातही थंड असायची. बाहेरून तिला लागून वाळवीचं वारूळ होतं आणि नागपंचमीला मोहल्ल्यातल्या बाया तिथे दूध-लाह्या घेऊन यायच्या. तुम्ही शिपायाला ते फोडायला सांगितलंत, तर त्याने कुदळ खाली ठेवली. "नागोबाच्या जाग्यावर कुदळ मारू काय, बाबूजी? मले लेकरं आहेत." घरी येऊन तुम्ही म्हणालात, उद्या मीच फोडतो. आई भाकरी थापत होती, तिने हात थांबवला नाही. "तुमी हात लावू नका. दुसऱ्यानं फोडलं तं माती पडन. आपण बुद्धाचे झालो तवापासून लोक असंच काही पाहून राह्यले. तुमी फोडलं तं मोहल्ला पेटन." आईचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. मग तुम्ही मधला मार्ग काढलात. दप्तरांत कडुनिंबाचा पाला घातलात आणि नोंदींच्या सगळ्या नकला, म्हणजे दुसरी प्रत, शेजारच्या खोलीत हलवल्यात. तिथलं कपाटही त्याच मागच्या भिंतीला टेकलेलं होतं, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग एक दिवस एक माणूस आला, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. ऊसतोडीवरून परतला तर त्याचं वावर चुलतभाऊ नांगरतोय. त्याला आपल्या नावाच्या नोंदीची नक्कल हवी होती. मी तेव्हा तुमचा डबा घेऊन आले होते. तुम्ही हसून त्याला म्हणालात, "बस, तुले आत्ता देतो." दप्तराचं लाल फडकं जसंच्या तसं आहे, गाठ तुमच्याच हातची आहे. गाठ सुटते आणि आत पानं नसतात. आत ओली माती असते आणि मातीत काहीतरी पांढरं हलत असतं. तुम्ही शेजारच्या खोलीकडे धावलात. मी दारातून पाहत होते. नकलांचा गठ्ठा तुम्ही दोन्ही हातांनी उचलायला गेलात आणि तो एकाच हाताने उचलला गेला, इतका हलका झाला होता.

"साहेब, मी त आहो ना इथं," तो माणूस म्हणाला. "मंग कागदात काहून नाही?"

मंगरूळपीरची शेवटची मोटार येईपर्यंत तो पायरीवर बसून होता. वावर चुलतभावाकडेच राहिलं, असं पुढे कानावर आलं. "दोन परती आहेत म्हनून मले झोप लागत होती," तुम्ही आईला म्हणालात. "उघडून कोनं पाह्यली?" त्यानंतर तुम्ही दिसेल त्यावर पेरं वाजवायला लागलात, दप्तरांवर, दाराच्या चौकटीवर, खाटेच्या पायांवर. आम्ही भावंडं हसायचो. तुम्ही मात्र आत पोकळ वाजतंय का ते कान देऊन ऐकत असायचात.

गेल्या आठवड्यापासून आमच्या एका तक्त्यात तसंच काहीसं सुरू आहे. नंबर शोधला की यंत्र सांगतं, आहे. नोंद उघडायला गेलं की काहीच येत नाही. परवा एका गावाच्या काही नोंदी अशा निघाल्या, आज शेजारच्या गावाच्याही. रोज एक प्रत दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर जाते आणि रोज सकाळी प्रत व्यवस्थित पोचल्याचा निरोप येतो. आमचे साहेब म्हणतात, "मग घाबरता कशाला? प्रत आहे ना." प्रत आंधळी असते हे त्यांना कोण सांगणार? शाबूत पान असो की पोखरलेलं, ती इमानाने उतरवून घेते. ती धड आहे की नाही हे कळायला रिकाम्या यंत्रावर उघडून नोंद न् नोंद वाचावी लागते. मी ते यंत्र रिकामं करून ठेवलंय.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि खरं म्हणजे मी पत्र लिहायला बसलेच नव्हते, प्रत उघडायला बसले होते. एक बटण दाबायचं, इतकंच. ते मी कालही दाबलं नाही. उघडली नाही तोवर प्रत आहे असं म्हणता तरी येतं. मला भीती वाटते, बाबा. मघाशी खालच्या खिडकीवरून फोन आला, एक बाई सकाळपासून तिच्या शेताची नक्कल मागत बसली आहे. मी हसून म्हटलं, "बसवा त्यांना, आत्ता देते."