वस्तुमान आणि आपली चिमी

बंगळूर, जुलै १९९८

सीमाताईस सम्राटचा जय भीम. मी मजेत आहे.

मी कामाला आहे त्या विज्ञान संस्थेच्या कॅन्टीनमध्ये मोठे शास्त्रज्ञ जेवतात. काल एक सर म्हणाले, "वस्तुमान मुळात खरं नसतंच, सम्राट. सगळी कोंडलेली ऊर्जा." मी म्हटलं, "मग सर, तेवढं तांदळाचं पोतं आत घ्या." सगळे हसले. ('वस्तुमान'चा 'स्तु' ऱ्हस्व, विचारून घेतलं.)

अंगणवाडीत तान्ह्या चिमीचं वजन कमी भरलं म्हणून तू रडलीस, असं आईने कळवलं. ताई, तिच्यात ऊर्जा कोंडलेली असेल. दूध पिते ना? जोरात रडते ना?

राहू गावच्या बाजारापर्यंत तिला कडेवर नेऊन तुझा हात अवघडला, की लगेच कार्ड टाक. सरांना दाखवीन, म्हणेन वस्तुमान खरं असतं. तोवर मी सरांचंच खरं धरतो.

तुझा भाऊ,
सम्राट